कृपेचा शिधा रोजचा रोज

परमार्थाच्या वाटेने चालणाऱ्या माणसाला दोन ठिकाणी ठेच लागते. पहिली ठेच पाय घसरला म्हणजे लागते. दुसरी लागते ती पुष्कळ दिवस न घसरता चालता आले म्हणजे. पहिली सगळ्यांना दिसते. पडलेला मनुष्य कण्हतो, रडतो. चार माणसे धावून येतात आणि त्याला उठवतात. दुसरी मात्र कोणाच्या लक्षात येत नाही, ज्याला लागली त्याच्याही नाही. नेम बिनचूक चाललेला असतो, व्रत मोडलेले नसते, चारचौघांत मान असतो. आणि मनात हळूच येते, ‘आता आपले आपल्याला जमते बरे!’ तोंडात देवाचे नाव असते, पण देवाची गरज मनातून उतरलेली असते.

ह्या दुसऱ्या ठेचेचा विचार ख्रिस्ती धर्मातील सत्पुरुषांनी फार बारकाईने केला आहे. तो ह्या लेखात पाहण्याचे आम्ही योजले आहे. कोणी म्हणेल, वारकऱ्यांच्या मासिकात हा विषय कशाला? त्याला आमचे उत्तर असे, की हा रस्ता पूर्वीच एकाने चालून दाखविला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) हे कोकणातल्या करजगावी जन्मलेले ब्राह्मण. 1895 साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. प्रार्थनामंदिरात त्यांनी टाळ नेले, भजन नेले, कीर्तन नेले. आता, ज्या पुलावरून एक मनुष्य पलीकडे गेला त्याच पुलावरून पलीकडची गोष्ट इकडेही येऊ शकते. आपला विठोबा आपल्यापाशी आहेच. शेजारच्या घरी देवाची दया कशी ओळखतात हे पाहिल्याने आपली निष्ठा कमी होत नाही. झाली तर डोळसच होते.

आरंभीच एक खुलासा करून ठेवतो. संसारात स्वावलंबन हा गुण आहे. आपल्या कष्टाची भाकरी खावी, कोणापुढे हात पसरू नये, हे योग्यच. येथे ज्याला दोष म्हटले आहे ते निराळे. ‘मी चांगला आहे तो माझ्या बळावर, आणि पुढेही राहीन तो माझ्याच बळावर,’ ही जी देवासमोरची ताठ मान, तिच्याविषयी हा लेख आहे.

दोघे देवळात गेले

लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे. यरुशलेमच्या मंदिरात दोघेजण प्रार्थनेला गेले. एक होता परुशी. परुशी म्हणजे त्या काळचे अत्यंत नेमनिष्ठ, शास्त्राभ्यासी लोक. दुसरा होता जकातदार. जकातदार रोमी सरकारसाठी कर वसूल करीत आणि वर आपला हात ओला करून घेत, म्हणून गावात त्यांना कोणी दारात उभे करीत नसे.

परुशी उभा राहून देवाचे आभार मानू लागला. कशाबद्दल? तर आपण इतरांसारखे लुबाडणारे, अन्यायी, व्यभिचारी नाही. ह्या पलीकडच्या जकातदारासारखे तर मुळीच नाही. मग त्याने हिशेब सांगितला: आठवड्यातून दोन उपवास, मिळकतीचा दहावा भाग दान. जकातदार दूरच उभा होता. त्याची वर बघण्याचीदेखील छाती होईना. ऊर बडवीत त्याने एवढेच मागितले, की देवा, मी पापी, माझ्यावर दया कर. येशू म्हणतो, देवाच्या दृष्टीने नीट होऊन घरी गेला तो हा दुसरा, पहिला नव्हे.

ही गोष्ट वाचताना आपण एक चूक करतो. परुशी ढोंगी होता असे धरून चालतो आणि स्वतःला मोकळे करून घेतो. पण गोष्टीत तसे कोठेच म्हटलेले नाही. त्याचे उपवास खरे होते, दानही खरे होते. त्याने आभारही देवाचेच मानले. मग बिघडले कोठे? त्याच्या सगळ्या बोलण्यात मागणे असे नाहीच! तो भरलेले भांडे घेऊन आला आणि भरलेलेच घेऊन परत गेला. देवाला त्यात काही घालायला जागाच नव्हती. शिवाय आपले भांडे भरलेले दिसावे म्हणून त्याला शेजाऱ्याचे रिकामे भांडे बोटाने दाखवावे लागले. ही खूण ध्यानात धरावी. दुसऱ्याचे उणे मोजल्याशिवाय ज्याला आपले पुरेसे वाटत नाही, त्याची दुसरी ठेच लागून गेलेली आहे.

पेत्राची प्रतिज्ञा

परुशी झाला तरी परका. आता घरच्या माणसाकडे पाहू. पेत्र हा येशूच्या बारा शिष्यांमधला अग्रणी. मूळचा गालीलच्या सरोवरावरचा कोळी. मनाने उघडा, जिभेने उतावळा, आणि गुरूवर जीव टाकणारा. येशूला पकडण्याची रात्र जवळ आली तेव्हा तो छातीवर हात ठेवून म्हणाला, सारे तुम्हाला सोडून गेले तरी मी जाणार नाही. गुरूने सांगितले, आज कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील. पेत्राला ते पटले नाही.

पुढे काय झाले ते प्रसिद्ध आहे. येशूला धरून नेले. पेत्र मागोमाग गेला, अंगणात विस्तवापाशी शेकत बसला. एका दासीने विचारले, तूही त्याच्याबरोबरचा ना? तलवारीला न भिणारा पेत्र दासीच्या एका प्रश्नाला भ्याला. एकदा नाही म्हणाला, दोनदा म्हणाला, तिसऱ्यांदा शपथ घेऊन म्हणाला. कोंबडा आरवला. पेत्र बाहेर गेला आणि ढसढसा रडला.

पेत्राचे प्रेम खोटे नव्हते. पण त्या प्रेमाच्या जोरावर ‘मी टिकेन’ असे त्याने म्हटले, तेथे घात झाला. पाप माणसाला देवापासून दूर नेते हे सर्वांस ठाऊक आहे. पण भक्तीचासुद्धा भरवसा स्वतःवर टाकला तर ती अशी ऐन वेळी दगा देते.

ह्या कथेला जोडूनच दुसरी कथा आहे, यहूदाची. त्याने तीस रुप्यांसाठी गुरूला धरून दिले. त्यालाही पश्चात्ताप झाला. त्याने नाणी परत नेऊन मंदिरात फेकली, आणि जाऊन गळफास घेतला. दोघेही पडले, दोघेही रडले. फरक एवढाच, की यहूदाने आपला निवाडा आपणच करून टाकला. पेत्र मात्र पडलेल्या तोंडानेच का होईना, बाकीच्या शिष्यांत येऊन बसला. पुढे सरोवराच्या काठी, पुन्हा एका विस्तवाजवळ, उत्थित येशूने त्याला तीनदा विचारले, तुझे माझ्यावर प्रेम आहे का? ह्या वेळी पेत्राने मोठी प्रतिज्ञा केली नाही, इतरांशी तुलनाही केली नाही. ‘आपण सर्व जाणता,’ अशा अर्थाचे बोलून तो थांबला. आणि अशा पेत्राच्या हाती मेंढरे राखायला दिली! स्वतःचा भरवसा गेल्यावरच तो दुसऱ्यांना सांभाळण्याजोगा झाला.

ऑगस्टीन आणि पेलाजियस

पुढे ह्याच प्रश्नावर ख्रिस्ती धर्मात मोठा वाद झाला. संत ऑगस्टीन 354 साली उत्तर आफ्रिकेत, आजच्या अल्जीरियातील थागास्ते ह्या गावी जन्मले. विद्वान, वक्तृत्वाचे अध्यापक. पण मन विषयांत गुंतलेले. बरे काय ते कळे, करवत मात्र नसे. आई मोनिका मुलासाठी वर्षानुवर्षे रडत राहिली. 386 साली इटलीत मिलान येथे एका बागेत ही ओढाताण असह्य होऊन ते रडत पडले, आणि तेथेच त्यांचे जीवन फिरले. पुढच्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नंतर ते आफ्रिकेत हिप्पो येथे बिशप झाले.

येथपर्यंतची कथा वाल्याच्या वाल्मीकीसारखी वाटते. पण आम्हाला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. बाप्तिस्म्यानंतर दहा-बारा वर्षांनी, बिशपच्या आसनावर बसल्यावर, त्यांनी आपले आत्मनिवेदन लिहिले. त्यातल्या दहाव्या भागात ते पूर्वीची पापे सोडून आजचे मन उघडून दाखवितात. खाण्यापिण्यात मन अजून कसे सैल पडते, लोकांनी स्तुती केली की आतून कसे सुखावते, हे त्यांनी लपविले नाही. अमुक दिवशी सुधारलो आणि आता निर्धास्त झालो, असे ते म्हणत नाहीत. देवा, जे करायला सांगतोस ते करण्याचे बळही तूच दे, मग हवे ते सांग, अशा आशयाची त्यांची प्रार्थना त्या भागात पुन्हा पुन्हा येते.

हीच प्रार्थना रोममध्ये पेलाजियस नावाच्या तपस्व्याच्या कानी पडली आणि त्याला ती मुळीच रुचली नाही. पेलाजियस मूळचा ब्रिटनचा. त्याला वाईट ठरवून मोकळे होण्यात अर्थ नाही. त्याची तळमळ खरी होती. रोममधले श्रीमंत ख्रिस्ती लोक नावाचेच ख्रिस्ती राहिलेले त्याने पाहिले होते. ‘बळ देवाने द्यावे’ असे म्हटले की आळशाला सबब मिळते, असे त्याचे म्हणणे. देवाने बुद्धी दिली, इच्छेचे स्वातंत्र्य दिले, आज्ञा दिल्या. आता माणसाने मनावर घेतले तर तो निष्पाप राहू शकतो, असे तो शिकवी.

ऑगस्टीन ह्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे ह्या मताशी झुंजण्यात घालविली. 418 साली कार्थेज येथील धर्मसभेने पेलाजियसचे मत अमान्य केले. सभेने मांडलेला एक मुद्दा आपल्या विषयाच्या मुळाशीच जातो. देवाची कृपा केवळ झालेल्या पापांची क्षमा करण्यापुरती नसून पुढे पाप न घडावे म्हणूनही तीच साहाय्य करते, असे त्या सभेने ठरविले. म्हणजे कृपा ही नुसती मागचे कर्ज फेडणारी नव्हे; आजचे पाऊल उचलणारीही तीच.

हा प्रश्न केवळ त्यांच्याकडेच पडला असेही नाही. आपल्या दक्षिणेत श्रीरामानुजांच्या संप्रदायात ह्याच प्रश्नावर दोन पंथ झाले. वडकलै म्हणतात, माकडीचे पिलू आईच्या पोटाला आपल्या हाताने घट्ट धरते, तसे भक्ताने धरावे. तेंकलै म्हणतात, मांजरीचे पिलू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. बारकावे पंडितांनी पाहावेत. आपण एवढे पाहावे, की दोन्ही दृष्टांतांत पिलू आईवाचून राहत नाही. एकट्याने हिंडणाऱ्या पिलाचा दृष्टांत कोणीही दिलेला नाही!

रानातला शिधा

कृपा रोजची असते म्हणजे कशी, हे समजायला बायबलमधली मान्नाची कथा फार उपयोगाची आहे. ती मुळात यहुदी धर्मग्रंथातली. ख्रिस्ती लोकही ती पवित्र मानतात. इस्राएल लोक मिसर देशाच्या गुलामगिरीतून सुटले आणि मोशेच्या मागे रानात आले. रानात पीक नाही, बाजार नाही. लोक कुरकुर करू लागले. तेव्हा रोज पहाटे दहिवर वाळल्यावर जमिनीवर पांढरे, धण्याएवढे कण पसरलेले दिसू लागले. त्याची चव मधातल्या पोळीसारखी. हाच मान्ना.

आता त्याचे नियम पाहा. दरडोई एक ओमर, म्हणजे अजमासे दोन लिटरांचे माप, रोज वेचायचे. ऊन तापले की ते वितळून जाई, तेव्हा उशिरा उठून भागत नसे. जास्त वेचणाऱ्याचे उरले नाही, कमी वेचणाऱ्याला कमी पडले नाही. काही जणांनी उद्याची तजवीज म्हणून रात्री ठेवून पाहिले, तर सकाळी त्यात किडे पडून घाण सुटली. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसासाठी आदल्या दिवशी दुप्पट मिळे. तेवढेच मात्र टिके. असे चाळीस वर्षे चालले.

रानात चाळीस वर्षे रोज मिळालेले अन्न, पण एकाही घरात कोठार झाले नाही! देवाला कोठार भरून देणे अवघड होते काय? पण कोठार भरले असते तर दुसऱ्या दिवशी पहाटे आकाशाकडे पाहिले कोणी असते? येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेतही भाकर मागितली आहे ती त्या दिवसापुरतीच.

दिंडीतल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. मुक्कामावर शिधा सुटतो तो त्या दिवसाचा. कालच्या मुक्कामाला पोटभर जेवलो म्हणून आज कोणी पंगतीतून उठून जात नाही. कृपेच्या बाबतीत मात्र आपण कालच्या जेवणावर आज चालू पाहतो.

ह्या कथेत शेवटी एक गोड गोष्ट आहे. एक ओमर मान्ना भांड्यात घालून पुढच्या पिढ्यांना दाखवण्यासाठी ठेवावा, अशी आज्ञा झाली. म्हणजे कालचा मान्ना ठेवायचा तो आठवणीसाठी, खाण्यासाठी नव्हे. आपल्या आयुष्यात देवाने कधी हात दिला, कोणत्या संकटातून काढले, ते जरूर जपावे, मुलाबाळांना सांगावे. पण त्या आठवणीवर आजचे पोट भरत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात हीच गोष्ट द्राक्षवेलीच्या दृष्टांताने सांगितली आहे. येशू म्हणजे वेल, शिष्य म्हणजे फाटे. वेलीत राहिला तर फाटा फळ देतो. वेगळा झाला तर त्याच्याने काही होत नाही. नाशिक, सांगली, सोलापूरकडच्या बागायतदाराला ठाऊक आहे, की एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी केल्यावर तोडलेली काडी लगेच वाळत नाही. दोन दिवस ती हिरवीच दिसते. पानेही तजेलदार असतात. वेलीपासून तुटलेला भक्तही काही दिवस असाच हिरवा दिसतो. नेम चालू असतात, बोलणे गोड असते. म्हणून हिरवेपणावर जाऊ नये. रस कोठून येतो ते पाहावे.

दोन शंका

येथे पहिली शंका अशी येईल, की सगळे कृपेनेच होते तर माणसाने हातपाय का हलवावे? ह्याला संत पौलाचे चरित्र हे उत्तर आहे. कृपेविषयी पौलाइतके कोणी लिहिले नाही, आणि श्रमही त्याच्याइतके थोड्यांनीच केले. धर्मप्रसारासाठी तो गावोगाव हिंडला, तुरुंगात पडला, फटके खाल्ले, आणि पोटासाठी तंबू शिवण्याचा धंदा करीत राहिला. त्याच्या अंगात एक दुखणे होते. त्याला तो काटा म्हणतो. तो काढून टाक म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. तुला माझी कृपा पुरे, दुबळेपणातच माझे बळ दिसते, असा अर्थ त्याला उमगला. तेव्हापासून त्याने आपल्या दुबळेपणाची लाज धरली नाही. मान्नासुद्धा वेचावाच लागे; आयता तोंडात पडत नसे. पण वेचणाऱ्याने तो पिकविला नव्हता, इतकेच.

दुसरी शंका ह्याहून अवघड. दया रोज मिळणारच असेल तर पाप करायला हरकत काय? आज करू, उद्या क्षमा मागू. ह्याचे उत्तर जर्मनीतील डीट्रिश बॉनहोफर ह्या धर्मोपदेशकाने 1937 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिले. पश्चात्तापावाचून क्षमा आणि गुरूच्या मागे चालण्यावाचून कृपा, हिला त्याने स्वस्त कृपा म्हटले, आणि ती धर्माची वैरीण ठरविली. खरी कृपा फुकट मिळते, पण ती हलकी नसते. ती माणसाचे सर्वस्व मागते. हे त्याने नुसते लिहिले नाही. हिटलरच्या राजवटीला विरोध केल्याबद्दल 1943 साली त्याला अटक झाली आणि 9 एप्रिल 1945 रोजी फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी झाली. जो दयेवर जगतो त्याला दयेची किंमत कळते. उद्याची क्षमा गृहीत धरून आज पाप करणारा माणूस दयेवर विसंबलेला नसतो. तो आपल्या चतुराईवर विसंबलेला असतो.

रोजचा अभ्यास

आता हे आचरणात कसे आणतात ते पाहू. ख्रिस्ती उपासनेत ‘किरिये एलेइसोन’ असे दोन ग्रीक शब्द फार जुने आहेत. अर्थ, प्रभो दया कर. लॅटिन भाषेत उपासना चाले तेव्हाही हे शब्द ग्रीकच राहिले, आणि केरळातील सुरियानी ख्रिस्ती लोकांच्या तोंडीही ते आहेत. उपासनेच्या आरंभीच हे म्हणायचे. पुजारी असो, नवखा असो, दोघांनीही तेच म्हणायचे. कोणाची दयेची इयत्ता संपलेली नाही.

पूर्वेकडील ख्रिस्ती संप्रदायात, विशेषतः ग्रीसमधील आथोस पर्वतावरच्या मठांत, येशूचे नाव घेऊन दया मागणारी एक छोटी प्रार्थना दिवसभर जपतात. त्यासाठी लोकरीच्या गाठींची माळ असते. एकोणिसाव्या शतकातल्या एका रशियन पुस्तकात एका निनावी यात्रिकाची हकीकत आहे. झोळीत वाळलेली भाकर आणि बायबल, एवढ्यावर तो पायी हिंडतो. त्याच्या गुरूने त्याला आधी रोज तीन हजार जप सांगितला, मग सहा हजार, मग बारा हजार. त्यानंतर मोजणी सोडून दिली. वारकऱ्याला ह्यात नवल वाटणार नाही. मोजणी कशासाठी असते, तर मोजणी सुटावी म्हणून. ज्याची मोजणीच वाढत जाते, त्याने आपण जप वाढवतो की अभिमान, हे तपासावे.

तिसरे उदाहरण दारूच्या व्यसनाचे. 10 जून 1935 हा ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ह्या मंडळाचा स्थापनादिन मानतात. अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअरदलाल आणि बॉब स्मिथ हा डॉक्टर, दोघेही दारूने बुडालेले, एकमेकांना भेटले, त्यातून ते उभे राहिले. त्याची मुळे एका ख्रिस्ती चळवळीत होती, पण पुढे त्याने कोणत्याही एका धर्माची अट ठेवली नाही; ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे देव मानावा. महाराष्ट्रातही त्याच्या सभा भरतात. त्यांची पहिली पायरीच अशी, की दारूपुढे माझे काही चालत नाही हे कबूल करावे. जन्मभराची शपथ ते घ्यायला लावीत नाहीत. आजचा दिवस प्यायचे नाही, एवढेच. वीस वर्षे न प्यालेला मनुष्यही सभेत उभा राहून स्वतःला व्यसनीच म्हणवतो. जगाला हे विचित्र वाटेल. पण त्याला ठाऊक असते, की ज्या दिवशी ‘मी आता सुटलो, माझा मी समर्थ आहे’ असे वाटेल, त्या दिवशी पहिला पेला हातात येईल. रोजचा मान्ना रोज वेचणे म्हणतात ते हेच.

आपणांसाठी

ह्या सगळ्याचा मेळ आपल्या घरच्या एका कथेशी बसतो. गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. काकांनी मडकी तपासायचे थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहू लागले. सर्व मुकाट बसले. नामदेवराय मात्र रागावले. प्रत्यक्ष विठोबा ज्यांच्याशी बोलतो ते नामदेव! आणि काकांनी निर्णय दिला, हे मडके कच्चे. देवाशी सलगी होती, पण त्या सलगीचा अभिमानही होता. नामदेव रुसून पंढरीस आले, पण तेथून विसोबा खेचरांच्या पायापाशी गेले. आणि मग जे नामदेव झाले, त्यांचे नाव पंजाबपर्यंत गेले. परुशी, पेत्र आणि कच्चे मडके, तिन्हींचा धडा एकच आहे.

आता दोन प्रकारच्या वाचकांशी आम्हाला बोलायचे आहे.

पहिले, ज्यांचा नेम चुकलेला नाही ते. तुमच्या पंचवीस, तीस, चाळीस वाऱ्या झाल्या असतील. त्या थोर आहेत. पण त्या भांड्यात जपून ठेवलेल्या मान्नासारख्या समजा; आठवणीसाठी. यंदाची वाट चालण्याचे बळ यंदाच मागायचे आहे. दिंडीत नवखा मनुष्य चुकीच्या ठिकाणी उभा राहिला, त्याचा अभंग चुकला, तर त्याच्यावर डोळे वटारण्यापूर्वी जरा थांबा. शेजाऱ्याचे उणे दिसू लागले की आपले भांडे तपासण्याची वेळ झाली, असे समजा. आपल्याकडे लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, ती रीत उगीच पडलेली नाही. मस्तक खाली गेल्याशिवाय दया ओंजळीत पडत नाही.

दुसरे, जे पडले आहेत ते. गावोगाव अशी माणसे आहेत. कधी काळी माळ घातली, मग एखाद्या लग्नात, एखाद्या सोबतीत पाऊल घसरले. माळ काढून खुंटीला लावली. आता ते एकादशीला देवळाच्या बाजूने जातात, पण आत येत नाहीत. ‘कोणत्या तोंडाने यावे?’ असे म्हणतात. आधी सुधारीन, मग येईन, असा त्यांचा बेत असतो. दादा, तो बेत दिसायला विनयाचा आहे, पण आतून तो परुश्याचाच आहे. स्वतःला आधी आपण दुरुस्त करू आणि मग देवापुढे उभे राहू, ही पुन्हा आपल्याच बळाची भाषा झाली. जकातदार दूर उभा राहिला, पण देवळात आला होता. पेत्र पडलेल्या तोंडाने बाकीच्यांत येऊन बसला. तुम्हीही मागच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला का होईना, येऊन बसा. आणि देवळातल्या मंडळींना आमची हात जोडून विनंती, की असा कोणी आला तर ‘इतके दिवस कोठे होता?’ असे विचारू नका. सरकून जागा द्या, हातात टाळ द्या.

पांडुरंग विटेवर उभा आहे, बसलेला नाही. आलेल्याला भेटायला उठण्याइतकाही उशीर त्याला लागत नाही. तेव्हा आजचा अभ्यास एवढाच धरावा. पहाटे उठल्यावर पहिले वाक्य मागण्याचे असावे, हिशेबाचे नसावे: ‘देवा, आजच्यापुरते सांभाळ.’ रात्री निजताना, दिवस नीट गेला असेल तर म्हणावे, ‘तू सांभाळलेस.’ आणि नीट गेला नसेल तर म्हणावे, ‘दया कर, उद्या पुन्हा येतो.’ दोन्ही रात्री झोप सारखीच लागली, म्हणजे ओळखावे की आपण आता खऱ्या शिध्यावर जगू लागलो.

रामकृष्णहरि.